गेट म्हणजे नक्की काय, आणि गॉट बरोबर की गॉटन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की डिक्शनरी उघडली की गेटखाली मिळणे, होणे, पोचणे, आणणे, समजणे, करवून घेणे असे ढीगभर अर्थ दिसतात, ते लक्षात कसे ठेवायचे, गॉट आणि गॉटनमध्ये फरक काय, ‘आय हॅव गॉट’ हा काय प्रकार आहे, आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये गेट लिहिलं तर वाईट दिसतं का. मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतोय, त्यांनी लिहिलेलं तपासतोय, आणि सगळ्यात जास्त लाल पेन कुठल्या क्रियापदावर चालतं विचाराल तर ते हेच. अवघड शब्दांना लोक घाबरतात म्हणून ते नीट बघून वापरतात, गेट मात्र सोपा वाटतो म्हणून कुणी बघतच नाही.

पहिली गोष्ट, अर्थ पाठ करू नका. गेटला स्वतःचा असा अर्थ फार थोडा आहे, तो म्हणजे ‘आधी नव्हतं, आता आहे’. वस्तू नव्हती, आता आहे म्हणजे मिळाली. राग नव्हता, आता आहे म्हणजे आला. मी तिथे नव्हतो, आता आहे म्हणजे पोचलो. बी हे क्रियापद म्हणजे फोटो आणि गेट म्हणजे व्हिडिओ असं समजा. ‘शी इज मॅरिड’ म्हणजे तिचं लग्न झालेलं आहे, आत्ताची परिस्थिती. ‘शी गॉट मॅरिड’ म्हणजे तिचं लग्न झालं, घटना घडली. मराठीत आपण ‘लग्न झालंय’ आणि ‘लग्न झालं’ एवढ्या छोट्या फरकाने हे दाखवतो, इंग्रजीत त्यासाठी क्रियापदच बदलावं लागतं, आणि गंमत म्हणजे ‘तिचं लग्न मागच्या वर्षी झालं’ याचं भाषांतर बरेच लोक ‘शी वॉज मॅरिड लास्ट इयर’ असं करतात. व्याकरणात हे बसतं, पण ऐकणारा ‘मागच्या वर्षी ती विवाहित होती, आता नाही’ असा अर्थही काढू शकतो! तिथे ‘गॉट मॅरिड’ सरळ. आणि हो, मॅरिडच्या पुढे ‘टु’ येतो, ‘विथ’ नाही.

मग मिळणे की होणे की पोचणे हे ठरवायचं कसं? गेटच्या उजवीकडे काय आहे ते बघायचं. पुढे वस्तू आली तर मिळणे-आणणे, पुढे विशेषण आलं तर होणे, पुढे जागा आली तर पोचणे. पुढे दुसरं क्रियापद आलं की जरा थांबून बघावं लागतं, ते खाली सांगतो.

वस्तू पुढे आली की मराठी माणसाची एक खास अडचण होते. आपल्याकडे ‘मला पुस्तक मिळालं’ आणि ‘मी पुस्तक मिळवलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पहिल्यात मी काहीच केलं नाही, आपसूक हातात आलं, दुसऱ्यात खटपट केली. शिवाय ‘मी पुस्तक आणलं’, ‘मी पुस्तक घेतलं’ आहेतच. इंग्रजीत या चारही ठिकाणी ‘आय गॉट अ बुक’ चालतं. खटपट केली की आपोआप आलं हे गेट सांगतच नाही, ते बाकीच्या वाक्यावरून कळतं. ‘आय गॉट अ बुक फ्रॉम हर’ म्हणजे तिच्याकडून मिळालं, ‘आय गॉट हर अ बुक’ म्हणजे तिच्यासाठी आणलं. दिशा एकदम उलटी. हे दुसरं रूप, ज्यात माणूस आधी आणि वस्तू नंतर, ते आपल्या लोकांच्या बोलण्यात फार कमी येतं आणि यायला हवं, कारण ‘कॅन यू गेट मी अ चेअर’ हे ‘प्लीज ब्रिंग वन चेअर फॉर मी’पेक्षा कितीतरी सहज आहे.

आपल्या ‘मला’वाल्या वाक्यांचाच एक फायदा पण आहे. मला राग आला, मला सर्दी झाली, मला कंटाळा आला, मला कळलं, अशा वाक्यांत मराठीत ‘मी’ कर्ता नसतो, ती गोष्ट माझ्यापर्यंत येते. या जातीची वाक्यं भूतकाळात आली की बहुतेक वेळा गेट बसतं: ‘आय गॉट अँग्री’, ‘आय गॉट अ कोल्ड’, ‘आय गॉट बोअर्ड’, ‘आय गॉट इट’. पण डोळे झाकून लावू नका, कारण ‘मला उशीर होतोय’चं ‘आय ॲम गेटिंग लेट’ हे आपल्या देशाबाहेर कुणी म्हणताना सहसा ऐकू येत नाही. ‘इट्स गेटिंग लेट’ असतं, पण त्याचा अर्थ वेळ बरीच झाली, रात्र होत चालली. स्वतःला उशीर होत असेल तर ‘आय ॲम रनिंग लेट’ किंवा ‘आय ॲम गोइंग टु बी लेट’. हे एक वाक्य सुधारलं तरी बोलणं लगेच वेगळं वाटतं, म्हणून मी त्यावर थोडा हट्टच धरतो.

विशेषणाबरोबरचं गेट ओळखायला मराठीत ‘होत चाललंय’ आणि ‘व्हायला लागलंय’ हे पक्के खुणेचे दगड आहेत. महाग होत चाललंय, ‘इट्स गेटिंग एक्स्पेन्सिव्ह’. अंधार पडायला लागलाय, ‘इट्स गेटिंग डार्क’. तब्येत सुधारतेय, ‘शी इज गेटिंग बेटर’. इथे बिकम पण व्याकरणाने बरोबर आहे, फक्त बोलताना जरा पुस्तकी वाटतं. पण इथेच मोठा खड्डा आहे. ‘तो डॉक्टर झाला’ याचं ‘ही गॉट अ डॉक्टर’ होत नाही! डॉक्टर हे नाम आहे, विशेषण नाही, आणि नाम आलं की गेटचा अर्थ मिळणे-आणणे होतो, त्यामुळे ‘ही गॉट अ डॉक्टर’ म्हणजे त्याने डॉक्टर बोलावून आणला. तिथे बिकमच हवं, ‘ही बिकेम अ डॉक्टर’. तसंच प्रत्येक ‘होणे’ला गेट लागत नाही. दूध नासलं तर ‘द मिल्क वेंट बॅड’ किंवा ‘टर्न्ड सावर’. केस पांढरे झाले तर ‘टर्न्ड ग्रे’ किंवा ‘वेंट ग्रे’. झोप लागली तर ‘फेल अस्लीप’, ‘गॉट अस्लीप’ कधीच नाही, पण झोप यायला लागली तर मात्र ‘गॉट स्लीपी’. याला नियम विचारू नका, ठोकळेबाज नियम नाहीये. ढोबळ मानाने बिघडण्याकडे जातं तिथे गो आणि रंग बदलतो तिथे टर्न जास्त दिसतं, एवढं धरून चाला आणि ऐकत राहा.

जागेचं पटकन सांगतो. ‘गेट टु द स्टेशन’ म्हणजे स्टेशनला पोचणे, पण होम, हिअर, देअर या तिघांच्या आधी टु येत नाही, ‘गेट होम’, ‘गेट देअर’. आपण ‘व्हेन विल यू रीच’ म्हणतो, तिथे बाहेरचे लोक ‘व्हेन विल यू गेट देअर’ म्हणतात, कारण रीचच्या पुढे कुठे ते सांगावं लागतं, ते अधांतरी सोडता येत नाही. वाहनांचंही इथेच उरकतो. ज्यात आपण उभं राहू शकतो, चालू शकतो, अशा बस, ट्रेन, विमान यांच्यासाठी ‘गेट ऑन’ आणि ‘गेट ऑफ’. वाकून आत शिरावं लागतं अशी कार, टॅक्सी, तिथे ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. सायकल आणि घोडा यांच्यावर बसतात म्हणून तिथेही ऑन-ऑफ. ‘गेट डाउन फ्रॉम द बस’ हे आपल्याकडचं इंग्रजी आहे, आपल्यात कळतं, बाहेर माणूस टपावर चढला होता की काय असं वाटू शकतं.

आता क्रियापदं. सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घेणं. मराठीत आपण बिनधास्त म्हणतो ‘मी केस कापले’, सगळ्यांना कळतं की सलूनमध्ये जाऊन कापून घेतले. ‘मी गाडी दुरुस्त केली’ म्हणजे सुद्धा बहुतेक वेळा मेकॅनिककडून. इंग्रजीत ‘आय रिपेअर्ड माय कार’ म्हटलं की समोरचा म्हणणार, अरे वा, स्वतः? तिथे ‘आय गॉट माय कार रिपेअर्ड’ पाहिजे. ‘आय गॉट माय हेअर कट’. यातला क्रम नीट बघा, गॉट, मग वस्तू, मग तिसरं रूप. ‘आय गॉट रिपेअर्ड माय कार’ हे बऱ्याच जणांच्या तोंडात बसलेलं असतं कारण ‘करून घेतली’ हे दोन शब्द मराठीत चिकटून येतात. इंग्रजीत ते फुटतात आणि वस्तू मधे जाऊन बसते. हा साचा आला की पाठोपाठ कामं करवून घ्यायची सगळी वाक्यं येतात, दात काढून घेतला, कागदपत्रं अटेस्ट करून घेतली, रिपोर्ट तपासून घेतला. कधीकधी याच साच्यात काम स्वतःच केलेलं असतं, ‘आय फायनली गॉट द रिपोर्ट डन’ म्हणजे एकदाचा उरकला, कुणी केला ते संदर्भावरून समजायचं.

आणि माणसाकडून करून घेतलं हे नाव घेऊन सांगायचं असेल तर ‘टु’ येतो: ‘आय गॉट हिम टु साइन’. मेक वापरलं तर टु जातो, ‘आय मेड हिम साइन’. अर्थात पण फरक आहे हं. मेक म्हणजे भाग पाडलं, सही कर नाहीतर बघ. गेट म्हणजे समजावून, गळ घालून, मागे लागून करायला लावलं. ‘आय हॅड हिम साइन’ पण असतं, ते अमेरिकेत जास्त, त्यात ना जबरदस्ती ना मनधरणी, त्याला सांगितलं आणि त्याने केली, काम त्याचंच होतं. वरिष्ठाबद्दल लिहिताना ‘आय मेड माय मॅनेजर अप्रूव्ह इट’ असं लिहिणारे लोक असतात, त्यांना फक्त अप्रूव्हल मिळालं एवढंच म्हणायचं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं मॅनेजरची मानगूट धरली. ‘आय गॉट इट अप्रूव्ह्ड’ लिहा, विषय संपला.

याच्या उलट, स्वतःवर काही घडलं तर गेट आणि तिसरं रूप थेट जोडून येतात: ‘ही गॉट फायर्ड’, ‘शी गॉट प्रमोटेड’, ‘दे गॉट कॉट’. वॉज वापरूनही हे होतं, पण गॉटमध्ये घटनेचा धक्का जास्त असतो, काहीतरी चांगलं किंवा वाईट पदरात पडल्याची भावना असते. म्हणून जिथे पदरात पडण्यासारखं कुणी नाही तिथे ते विचित्र वाटतं. ‘पूल 1950 साली बांधला’ याला ‘द ब्रिज वॉज बिल्ट’ म्हणा, ‘गॉट बिल्ट’ नको. मोबाइल चोरीला गेला तर ‘माय फोन गॉट स्टोलन’ सेफ आहे, ‘आय गॉट माय फोन स्टोलन’ म्हणालात तर तो वरचा करून घेण्याचा साचा होतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात क्षणभर येतं की याने स्वतःच चोरायला लावला की काय.

‘गेट टु’ आणि पुढे क्रियापद, हे मात्र मराठी माणसाला आयतं मिळालेलं बक्षीस आहे, कारण आपल्याकडे ‘-यला मिळणे’ अगदी तस्संच आहे. भेटायला मिळालं, ‘आय गॉट टु मीट हर’. बघायला मिळालं, ‘आय गॉट टु सी इट’. शब्दाला शब्द. पण यात फक्त एक हॅव घातला की अर्थ पूर्ण पलटतो, ‘आय हॅव गॉट टु मीट हर’ म्हणजे मला तिला भेटायलाच पाहिजे, भेटलेलो नाहीये अजून. संधी आणि सक्ती यांच्यात एवढंच अंतर! त्यात बोलताना हॅव गिळला जातो, ‘आय गॉटा मीट हर’ असं ऐकू येतं, मग वर्तमानाची गोष्ट चाललीय की भूतकाळाची, यावरून ओळखायचं.

हॅव गॉट हा स्वतंत्रच प्राणी आहे. रूप पूर्ण वर्तमानकाळाचं, अर्थ साध्या वर्तमानाचा. ‘आय हॅव गॉट अ पेन’ म्हणजे माझ्याकडे पेन आहे, बस. ‘मिळवलेलं आहे, म्हणून जवळ आहे’ असा तो प्रवास झाला असणार हे सहज दिसतं, पण आता त्यातला मिळवण्याचा भाग पार विरून गेलाय, म्हणून तर ‘आय हॅव गॉट टू ब्रदर्स’ म्हणता येतं, भाऊ काही कुणी मिळवत नाही. प्रश्न विचारताना ‘हॅव यू गॉट अ पेन’ किंवा ‘डू यू हॅव अ पेन’, दोन्ही बरोबर, पण त्यांची खिचडी करून ‘डू यू हॅव गॉट’ नको. भूतकाळात साधं ‘आय हॅड अ पेन’ म्हणा, ‘हॅड गॉट’च्या नादी लागू नका. आणि डोकं दुखतंय हे ‘आय हॅव गॉट अ हेडेक’, तर डोकं दुखायला लागलं हे ‘आय गॉट अ हेडेक’. पुन्हा तोच फोटो आणि व्हिडिओ.

गॉटनबद्दल लोक दोन टोकाची मतं देतात, कुणी म्हणतं चूक आहे, कुणी म्हणतं अमेरिकन स्टाइल मारतोय. दोन्ही अर्धवट. हे रूप जुनं आहे, इंग्लंडचंच आहे. 1611 सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात ईव्ह पहिला मुलगा झाल्यावर ‘आय हॅव गॉटन अ मॅन’ असंच म्हणते. सतराव्या शतकात अमेरिकेत वस्ती करायला गेलेले लोक ते बरोबर घेऊन गेले, तिकडे टिकलं, आणि मागे इंग्लंडमध्ये मात्र हळूहळू गॉटने त्याची जागा घेतली. ब्रिटिश लोकांच्या तोंडात ते अजून ‘इल-गॉटन गेन्स’मध्ये, म्हणजे लबाडीच्या कमाईत, अडकून राहिलंय, आणि फर्गॉटनमध्ये तर सगळेच रोज वापरतात, त्याला कुणी अमेरिकन म्हणत नाही.

अमेरिकेत आणि कॅनडात गॉट आणि गॉटन दोन्ही चालतात, पण कामं वाटून घेतलेली आहेत. जवळ आहे म्हणायचं तर गॉट, ‘आय हॅव गॉट अ कार’. मिळवली किंवा बदल झाला म्हणायचं तर गॉटन, ‘आय हॅव गॉटन अ न्यू कार’, ‘इट हॅज गॉटन वर्स’. तसंच ‘आय हॅव गॉट टु गो’ म्हणजे जावंच लागणार आणि ‘आय हॅव गॉटन टु गो’ म्हणजे मला जायला मिळालेलं आहे. त्यामुळे अमेरिकन दिसावं म्हणून सरसकट गॉटन घालणारा माणूस लगेच पकडला जातो, ‘आय हॅव गॉटन अ पेन, डू यू वॉन्ट इट’ असं तिथे कुणी म्हणत नाही. तुम्ही ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलात तर गेट, गॉट, गॉट एवढंच धरा, पूर्ण बरोबर आहे. अमेरिकन क्लायंटबरोबर काम असेल तर गॉटन कळलं पाहिजे, वापरायची सक्ती नाही. फक्त एकाच लेखात दोन्हीकडे उड्या मारू नका.

हे गेटेड का झालं नाही, सरळ ‘ईडी’ लावून मोकळं का झालं नाही, असंही तुम्ही विचारलंय. गेट हा शब्द मुळात स्कँडिनेव्हियातून आला, नवव्या शतकापासून उत्तर आणि पूर्व इंग्लंडात जे व्हायकिंग स्थायिक झाले त्यांच्या ओल्ड नॉर्स भाषेतला ‘गेटा’. जुन्या इंग्रजीत त्याचा चुलतभाऊ होता, पण तो एकटा नाही, दुसऱ्या शब्दाला जोडूनच यायचा, फर्गेट आणि बिगेट हे त्यातले. त्या जुन्या इंग्रजीत अशा ठिकाणी ग चा उच्चार मऊ होऊन य सारखा झाला होता, आज आपण जो खणखणीत ग म्हणतो तो नॉर्सवाल्यांच्या प्रभावाचा. सिस्टर, एग, स्काय, टेक, दे हे रोजचे शब्दसुद्धा याच लोकांकडून आले. शेजारीपाजारी राहून, लग्नं करून, व्यवहार करून आलेले शब्द, म्हणून एवढे घरगुती. आणि या जुन्या जातीच्या क्रियापदांत काळ दाखवायला आतला स्वर बदलायचा, शेपटी लावायची नाही. तशी बरीच क्रियापदं पुढे सुधारली, म्हणजे ईडीवाली झाली. 2007 साली ‘नेचर’मध्ये एक अभ्यास आला होता, त्यांनी जुन्या इंग्रजीतली 177 अनियमित क्रियापदं घेतली, त्यातली आज 98च अनियमित उरलीत. कुठली टिकली? जी जास्त वापरली जातात ती. शंभरपट कमी वापरलं जाणारं क्रियापद दहापट वेगाने नियमित होतं असं त्यांचं गणित. गेट दिवसात इतक्या वेळा कानावर पडतं की गेटेड म्हणायला वावच मिळत नाही, लहान मुलं म्हणतात थोडे दिवस आणि मग सोडून देतात.

अनियमिततेतून येणारी एक चूक मात्र सगळ्यात जास्त दिसते, ‘आय डिड नॉट गॉट’. मराठीत ‘मिळालं नाही’ म्हणताना मिळालं हा भूतकाळ तसाच राहतो, म्हणून इंग्रजीतही गॉट ठेवावंसं वाटतं. पण भूतकाळाचं ओझं डिडने उचललेलं असतं, मुख्य क्रियापद परत मूळ रूपात जातं, ‘आय डिड नॉट गेट’. ‘डिड यू गेट माय मेसेज’, तेच.

समजण्याच्या अर्थाने गेट वापरताना आपण चालू काळ लावतो, ‘आय ॲम नॉट गेटिंग यू’. म्हणायचं असतं ‘आय डोन्ट गेट यू’ किंवा अजून सौम्य ‘आय डिडन्ट गेट दॅट’. दोघांत थोडा फरक आहे, डिडन्ट म्हणजे आत्ता बोललात ते कळलं नाही, परत सांगा. डोन्ट म्हणजे तुमचं म्हणणंच माझ्या डोक्यात शिरत नाही, ते जरा टोचू शकतं. हळूहळू उलगडत असेल तर ‘आय थिंक आय ॲम गेटिंग इट नाउ’ मात्र चालतं.

सवयीचं त्रिकूट वेगळं सांगावं लागतं कारण तिघं दिसायला सारखे. ‘आय यूज्ड टु वेक अप अर्ली’ म्हणजे पूर्वी लवकर उठायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टु वेकिंग अप अर्ली’ म्हणजे सवय आहे. ‘आय गॉट यूज्ड टु वेकिंग अप अर्ली’ म्हणजे सवय झाली, आधी नव्हती. शेवटच्या दोघांत आयएनजी, पहिल्यात नाही. दहा जणांना विचारलं तर निम्मे इथे घसरतील असं मला वाटतं, मोजलेलं नाही.

राहिली ती छोटे शब्द चिकटून तयार होणारी रूपं, गेट ओव्हर, गेट बाय वगैरे. ही इंग्रजी व्याख्येने पाठ केली की तिसऱ्या दिवशी उडतात, त्यापेक्षा आपल्या बोलीतला जोडीदार शोधा. ‘वी गेट अलाँग’, आमचं पटतं. ‘वी गेट बाय’, आमचं भागतं. ‘ही गॉट अवे विथ इट’, करून सवरून नामानिराळा राहिला. ‘इट गेट्स ऑन माय नर्व्हज’, डोक्यात जातं. ‘आय गॉट कॅरीड अवे’, वाहवत गेलो. ‘व्हॉट हॅज गॉट इन्टु यू’, तुझ्या अंगात काय आलंय. आणि माझं सगळ्यात आवडतं, ‘आय नेव्हर गॉट राउंड टु इट’, त्याला मुहूर्तच लागला नाही! अमेरिकेत तिथे राउंडऐवजी अराउंड म्हणतात. गेट ओव्हरला दोन जोडीदार लागतात, आजारातून बरं होणे आणि दुःखातून सावरणे, पण कुणाला ‘गेट ओव्हर इट’ असं तोंडावर म्हणू नका, ते ‘झालं गेलं, आता पुरे’ असं तुसडं लागतं.

ईमेलचं विचारलंत. शाळेत कुणीतरी गेट वापरू नका असं शिकवलेलं असतं, त्याचा परिणाम म्हणून लोक साध्या कलीगला ‘आय हॅव ऑब्टेन्ड युअर मेसेज’ लिहितात, ते गेटपेक्षा कितीतरी वाईट दिसतं. कॉन्ट्रॅक्ट, अर्ज, रिसर्च पेपर, तक्रारीचं पत्र, इथे गेटऐवजी नेमकं क्रियापद घाला, रिसीव्ह, बिकम, ऑब्टेन, अराइव्ह, जे बसेल ते, कारण तिथे संदिग्धता नको असते आणि गेट मुळातच संदिग्ध आहे. रोजच्या कामाच्या मेलमध्ये ‘आय विल गेट बॅक टु यू बाय फ्रायडे’ अगदी व्यवस्थित आहे, त्यात बदल करण्यासारखं काही नाही. ‘थँक्स, गॉट इट’ हे बरोबरीच्या माणसाला चालेल, ज्याच्याशी पहिल्यांदाच बोलताय त्याला ‘थँक यू, आय हॅव रिसीव्ह्ड द फाइल’ बरं.

ऐकताना गोंधळ होतो त्याचं कारण उच्चार. अमेरिकन माणूस दोन स्वरांमधला ट जिभेच्या हलक्या टिचकीने उरकतो, त्यामुळे गेटिंगचं गेडिंग, गेट इटचं गेडिट, गॉट अचं गॉडा ऐकू येतं. गॉटनमध्ये उलट, तिथे ट बऱ्याचदा घशातच अडवून एकदम न येतो, ‘गॉ’ आणि ‘न’च्या मधे बारीकसा खंड. तुम्ही स्वतः स्वच्छ ट म्हटलात तरी काही बिघडत नाही, समोरच्याला कळतं. फक्त मालिका बघताना सबटायटलमध्ये गेटिंग दिसतंय आणि कानावर गेडिंग पडतंय म्हणून रिवाइंड करत बसू नका.